आरशाशी जरा बेतानं

गेल्या अंकात मानदुखीवर लिहिताना ओघात एक ओळ लिहून गेले, की मला स्वतःला अकरा वर्षांपूर्वी ‘बेल्स पाल्सी’ झाली होती. चेहऱ्याची एक बाजू रातोरात लुळी पडते, तो आजार. त्या एका ओळीवर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. एरवी या सदरात गुडघे आणि कंबर यांचंच राज्य असतं, या महिन्यात त्यांना सुट्टी. पहिल्या दोन पत्रांना जरा लांबण लावणार आहे, कारण त्यांत विचारलेल्या चुका मी आधी पेशंटांकडून करवून घेतल्या आणि मग स्वतःही केल्या.

ताई, मी प्राथमिक शाळेत शिकवते, वय ४१. तीन आठवड्यांपूर्वी सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळालं. आरशात बघते तर गाल ओघळलेला, भुवई उचलेना, डोळा मिटेना. त्याच दिवशी डॉक्टरांनी तपासून बेल्स पाल्सी सांगितली, स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, त्या दहा दिवस घेतल्या. अजून गाल हललेला नाही. वर्गात ‘प, फ, ब, भ, म’ म्हणताना ओठातून हवा सुटते आणि पोरं हसतात. घरातलं प्रत्येक माणूस एकेक व्यायाम सांगतं: फुगे फुगव, च्युइंगगम चघळ, आरशासमोर शंभरदा तोंड ताण. शेजारच्यांनी करंट द्यायचं यंत्र आणून दिलंय. सगळं करते, तरी फरक नाही. मी कुठे कमी पडतेय? आणि हा अर्धांगवायू नाही ना?

बाई (शिक्षिकेला दुसरी कुठली हाक मला जमत नाही), तुम्ही कमी पडत नाही. तुम्ही जास्त करताय.

आधी भीतीचा प्रश्न. तुमच्या पत्रातले ‘भुवई उचलेना’ हे दोन शब्द मला सर्वांत मोलाचे वाटले. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम मिळतात. त्यामुळे मेंदूत एका बाजूला झटका आला तर तोंड वाकडं होतं, पण कपाळाला आठ्या घालता येतात. बेल्स पाल्सीत मेंदू ठीक असतो, त्यातून बाहेर पडलेली चेहऱ्याची नसच बंद पडलेली असते. मग त्या बाजूचं कपाळही इस्त्री केल्यासारखं सपाट होतं. पण ही खूण डॉक्टरांच्या कामाची आहे, तिला अपवाद असतात, घरी आरशासमोर निकाल लावायला ती पुरत नाही. वाकड्या तोंडाबरोबर हातापायातली ताकद गेली, शब्द जड झाले, एकाचे दोन दिसायला लागले, तोल जायला लागला किंवा अचानक भयंकर डोकं दुखलं, तर कपाळाकडे बघत बसू नका, इस्पितळ गाठा. तुम्ही त्याच दिवशी गेलात, ते उत्तम केलंत.

आता नसेबद्दल. डोक्यातून नसांच्या बारा जोड्या निघतात, त्यातली ही सातवी. ती कानामागच्या हाडातल्या नागमोडी बोगद्यातून बाहेर पडते. हाडाच्या आतून एवढा लांब प्रवास शरीरातली दुसरी कुठलीच नस करत नाही, आणि हा बोगदा सर्वांत अरुंद जागी जेमतेम पाऊण मिलिमीटरचा असतो. नसेला सूज आली की पसरायला जागा नाही, हाड तर तसूभर हलत नाही. नस स्वतःच्याच सुजेखाली चेंगरते. सूज का येते? बऱ्याच जणांत संशय जातो तो ओठावर पुळ्या आणणाऱ्या हर्पीसच्या विषाणूवर. तो नसेच्या गाठीत वर्षानुवर्षं निजून असतो आणि एखाद्या दिवशी उठतो. कोणाच्या वागण्याचा त्यात दोष नसतो. मधुमेह आणि गरोदरपणाचे शेवटचे महिने यांत हा आजार जास्त दिसतो, म्हणून तुमची साखर आणि रक्तदाब तपासले नसतील तर तपासून घ्या.

याच नसेच्या फांद्या भलत्या ठिकाणीही जातात. जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव तिच्याकडे, अश्रूंची ग्रंथी तिच्याकडे, कानातल्या एका चिमुकल्या स्नायूचा लगामही तिच्याकडे. हा स्नायू मोठा आवाज आल्यावर कानाला सावरून धरतो. मला आदल्या दिवशी उजव्या कानामागे ठणका होता. मान आखडली असेल म्हणून मी शेकत बसले. व्यवसायानं फिजिओथेरपिस्ट, आणि स्वतःच्या दुखण्याचं निदान हे असं! दुसऱ्या दिवशी फरशीवर चमचा पडला तर उजव्या कानात कोणी थाळी आपटल्यासारखं झालं. तेव्हा माझा मुलगा नऊ वर्षांचा होता. जेवताना म्हणाला, ‘आई, तू सारखा मला डोळा का मारतेस?’ माझा डावा डोळा नेहमीसारखी उघडझाप करत होता, उजवा टक्क उघडा होता. बघणाऱ्याला ते डोळा मारल्यासारखंच दिसतं.

औषधाचं सांगते. स्कॉटलंडमध्ये ५५१ रुग्णांवर झालेली एक चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. पहिल्या ७२ तासांत प्रेडनिसोलोन (हेच ते स्टेरॉइड) सुरू करून दहा दिवस घेतलेल्यांपैकी ८३ टक्के लोक तीन महिन्यांत पूर्ण बरे झाले. न घेतलेल्यांत हे प्रमाण ६४ टक्क्यांच्या आसपास होतं. नऊ महिन्यांनी आकडे ९४ आणि ८२ टक्के. नुसत्या विषाणूविरोधी गोळीचा मात्र त्या चाचणीत फायदा दिसला नाही. ‘स्टेरॉइड’ या शब्दाला घाबरून गोळ्या कपाटात ठेवणारे लोक मला दर वर्षी भेटतात. मधुमेह असेल तर साखर वाढते, झोप बिघडते, पोट जळजळतं हे खरं, आणि म्हणूनच त्या डॉक्टरांच्या नजरेखाली घ्यायच्या. पण ७२ तासांचं ते दार एकदा बंद झालं की पुन्हा उघडत नाही. तुम्ही ते गाठलंत.

मग गाल का हलत नाही? कोपनहेगनमध्ये पंचवीस वर्षं, औषध न देता पाहिलेल्या रुग्णांची एक मोठी नोंद आहे, १७०० लोकांची. त्यातल्या ८५ टक्के लोकांत पहिली हालचाल तीन आठवड्यांच्या आत दिसली. उरलेल्यांत ती यायला तीन ते पाच महिने लागले. तुम्ही आत्ता बरोबर त्या उंबरठ्यावर आहात. येत्या काही दिवसांत ओठाचा कोपरा किंचित फुरफुरला तर तुमची नस फक्त दाबली गेली होती असं समजा. तसं झालं नाही तर काही तंतू आतून सुकलेत आणि मुळापासून नव्यानं वाढतायत, दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या चालीनं. नखंसुद्धा आपण ओढून वाढवत नाही. तीन महिने उलटूनही चेहरा अजिबात हलला नाही, तर मात्र पुन्हा कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा न्यूरॉलॉजिस्टकडे जा. बेल्स पाल्सी इतकी मुकी सहसा राहत नाही, तेव्हा दुसरं कारण शोधावं लागतं.

आता व्यायाम. मी सव्वीस वर्षं फिजिओथेरपी करते. त्यातली पहिली पंधरा वर्षं मीही पेशंटांना हेच सांगायचे: फुगे फुगवा, गाल ताणा, दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी पन्नास. शिवाय करंट. मग माझ्यावर वेळ आली, तेव्हा तर काय, वैद्य घरचाच! पाचव्या आठवड्यात ओठ जरा हलला आणि मी आरशासमोर दिवसाला दोनदोनशे वेळा तोंड वेडंवाकडं करायला लागले. त्याचा प्रसाद अजून बाळगते आहे. तो खालच्या पत्राच्या उत्तरात सांगते.

नस बंद असताना गालाला ताण देऊन काही मिळत नाही. हुकूमच पोचत नाही तर स्नायू करणार काय? त्या ओढाताणीत चांगली बाजूच जास्त खेचते आणि तोंड आणखी वाकडं दिसतं. करंटनं नस लवकर भरून येते याला भरवशाचा पुरावा नाही, आणि पुढे चेहरा ताठर व्हायला त्यानं हातभार लागेल अशी धास्ती चेहऱ्याचे बरेच थेरपिस्ट बाळगतात. शेजाऱ्यांचं यंत्र आभार मानून परत करा. फुगे आणि च्युइंगगमही बंद.

करायचं ते एवढंच. बोटांनी हलका मसाज, गालावरून कानाकडे, वरच्या दिशेनं. जेवताना घास चांगल्या बाजूनं चावायचा. नंतर गालाच्या खोबणीतून बोट फिरवायचं, कारण तिथं अन्न साठतं आणि तुम्हाला कळत नाही. पहिली हालचाल आली की मग आरसा. तोही आठवड्याभरानं गावाला भेट दिल्यासारखा नाही आणि दिवसभर मुक्काम ठोकल्यासारखाही नाही: पाच मिनिटं, दिवसातून दोनदा-तीनदा. चांगल्या बाजूच्या गालावर बोट ठेवून तिला आवरायचं आणि दोन्ही कोपरे सारखे उचलता येतील तेवढंच, अगदी मिलिमीटरभर हसायचं. दात दिसायची घाई नको.

वर्गाचं म्हणाल तर ‘प, फ, ब, भ, म’ ही ओष्ठ्य अक्षरं, दोन ओठ घट्ट मिटल्याशिवाय ती निघतच नाहीत. बोलताना डाव्या ओठाचा कोपरा तर्जनीनं हलकेच वर आणि आत धरा, ‘फ’ ठीक निघेल. आणि पोरांना एकदा सरळ सांगून टाका, बाईंच्या गालाची वायर बंद पडलीय, दुरुस्ती चालू आहे. मुलं फार तर दोन दिवस हसतात. तिसऱ्या दिवशी ती तुमच्या गालाची खबर ठेवायला लागतील.

डोळ्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, म्हणून मला काळजी वाटली. या आजारात गाल मागून आपल्या सवडीनं येतो, पण डोळा वाट बघत नाही. मिटत नसलेला डोळा कोरडा पडतो, बुबुळाच्या काचेवर ओरखडा उठतो, जखम होते आणि ती नजरेवर बेतू शकते. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, तासा-दोन तासाला. आठवण झाली की बोटाच्या मागच्या बाजूनं पापणी मिटून घ्या. खडूची धूळ उडते तिथं साधा का होईना, चष्मा घाला. रात्री डोळ्याचं मलम आणि पापणीवर चिकटपट्टी. ही पट्टी मला चांगलीच नडली. मी उघड्या डोळ्यावर कापूस ठेवून वरून पट्टी मारली. रात्री पापणी आतल्या आत उघडली, कापूस बुबुळावर घासत राहिला आणि सकाळी डोळा लालबुंद. चार दिवस उजेड सहन झाला नाही. आधी पापणी बोटानं पूर्ण मिटवायची, मग पातळ चिकटपट्टी थेट पापणीवर तिरपी लावायची, मध्ये काही नाही. जमत नसेल तर डॉक्टरांकडून एकदा करून दाखवून घ्या. डोळा लाल झाला, दुखला, धूसर दिसलं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. तुम्ही डोळा मिटायला जाता तेव्हा बुबुळ वर पळतं आणि नुसतं पांढरं दिसतं, त्यानं घाबरू नका. झोपेत बुबुळाला झाकायची ती शरीराची सोय आहे. या आजाराला ज्याचं नाव मिळालं त्या चार्ल्स बेलचंच नाव तिलाही आहे.

नमस्कार ताई. टेलिफोनच्या केबल जोडण्यात बत्तीस वर्षं घालवली, आता निवृत्त, वय ६३. नऊ महिन्यांपूर्वी उजव्या बाजूला बेल्स पाल्सी. चार महिन्यांनी चेहरा हलायला लागला, सगळे म्हणाले, सुटलात. पण आता बोललो, हसलो की उजवा डोळा आपोआप बारीक होतो. घास चावायला लागलो की त्याच डोळ्यातून पाणी. बायको म्हणते, स्वयंपाक एवढा वाईट झालाय का? गाल कायम ताठ, गळ्यापर्यंत ओढ लागते. व्यायाम कमी पडतोय असं समजून मी तो दुप्पट केलाय.

दादा, तुमच्या पत्राची वाट मी पंधरा वर्षं बघत होते. हा प्रकार पेशंटला समजावताना माझी नेहमी तारांबळ उडते, तुम्हाला मात्र तो एका वाक्यात कळेल: तुमच्या केबलमध्ये क्रॉस कनेक्शन झालंय.

केबल खणतीत तुटली तर तुम्ही काय करायचात? रंग बघून जोडीला जोडी मिळवायचात. नसेत हजारो तंतू असतात, पण त्यांना रंग नसतात आणि आत बसून जोडणारा कोणी नसतो. सुकलेले तंतू नव्यानं वाढताना अंदाजानं पुढं सरकतात. ओठाकडे जायचा तंतू डोळ्याच्या वाटेला लागतो. मग तुम्ही हसायचा नंबर फिरवता आणि घंटी डोळ्यात वाजते. याला ‘सिन्काइनेसिस’ म्हणतात. लाळेच्या ग्रंथीचा तंतू अश्रूंच्या ग्रंथीला जोडला गेला की घास चावताना डोळा वाहतो. ‘नक्राश्रू’ हा शब्द आपण ढोंगी माणसासाठी वापरतो, पण डॉक्टरी पुस्तकांत तुमच्या या पाण्याचं नाव खरोखर ‘मगरीचे अश्रू’ असंच आहे. वहिनींना सांगा, स्वयंपाक निर्दोष सुटला.

तुमचा चेहरा आता दुबळा नाही, फाजील कष्ट करतोय. पहिल्या पत्रातल्या बाईंचा गाल सैल आहे, तुमचा आवळलेला. दोघांना एकच व्यायाम सांगणं म्हणजे जुलाबाला आणि बद्धकोष्ठाला एकच पुडी देणं. दुप्पट केलेला व्यायाम आजच थांबवा. जोर लावून हसलं की ओठाबरोबर डोळ्यालाही हुकूम जातो, आणि शंभरदा केलं की ती चुकीची जोडगोळी शंभरदा पक्की होते. मी पाचव्या आठवड्यात नेमकं हेच केलं. आज मी मनापासून हसले की उजवा डोळा चिंचोळा होतो. फोटोत तो मला लगेच दिसतो, इतरांना सांगावा लागतो. तो माझ्या आरशानंच दिला असं शपथेवर सांगता येणार नाही. नस तेवढी दुखावली होती म्हणूनही असेल. पण पुन्हा संधी मिळाली तर मी तो आरसा निम्मा वेळ पालथा ठेवीन.

तुमच्यासाठी क्रम उलटा आहे. आधी सैल करा, मग हलवा. कोमट ओल्या फडक्यानं पाच मिनिटं शेक. हात धुऊन अंगठा गालाच्या आत, तर्जनी बाहेर, आणि आवळलेली दोरी चिमटीत धरून हळूच ताणायची, ओठाच्या कोपऱ्यापासून गालाच्या हाडापर्यंत. गळ्याची ओढ जाते ती हनुवटी वर करून, कॉलरच्या हाडावर तळवा ठेवून त्वचा खाली धरल्यानं. मग आरसा. ओठाचा उजवा कोपरा इतका हळू उचला की डोळ्याला पत्ता लागू नये. डोळा बारीक व्हायला लागला, थांबा, मागे या, तिथंच श्वास सोडा. ‘ओठ चालू, डोळा स्वस्थ’ हे मेंदूला नव्यानं शिकवायचं आहे. पहिल्या दोन महिन्यांत तुम्हाला वाटेल की ही बाई आपल्याकडून काहीच करवून घेत नाही. पण फरक दोन महिन्यांत मोजू नका, वर्षभरात बघा. चेहऱ्याच्या पुनर्वसनाचं खास शिक्षण घेतलेला थेरपिस्ट मिळाला तर सोन्याहून पिवळं. एवढ्यानं भागलं नाही तर आवळलेल्या स्नायूंत बोट्युलिनम टॉक्सिनची छोटी इंजेक्शनं देतात. सुरकुत्या घालवायला वापरतात तेच औषध. त्याचा असर तीन-चार महिने राहतो, मग पुन्हा घ्यावं लागतं. अश्रूंच्या ग्रंथीतही ते देता येतं. डोळ्याचे तज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन याबद्दल सांगतील.

ताई, माझ्या वडिलांचं (वय ७०) तोंड चार दिवसांपासून डावीकडे ओढलं जातंय. उजव्या कानात असह्य कळ, कानाच्या पाळीवर आणि आत पाण्याच्या पुळ्या, चक्कर येते, त्या कानानं कमी ऐकू येतं. बेल्स पाल्सी आपोआप बरी होते असं कळलं, म्हणून थांबलोय.

तुम्हाला मी पत्र मिळताच फोन केला होता. मासिक छापून हातात पडेपर्यंत थांबण्यासारखं हे पत्र नव्हतं. इतरांसाठी इथं लिहिते. पुळ्या, कानाची तीव्र कळ, चक्कर, बहिरेपणा, हे बेल्स पाल्सीचं चित्र नाही. कांजिण्यांचा विषाणू लहानपणापासून आत दबा धरून असतो, तो याच नसेत उठला तर ‘रॅम्से हंट सिंड्रोम’ होतो. अमेरिकन डॉक्टर जेम्स रॅम्से हंट यांनी तो १९०७ साली मांडला. अलीकडे गायक जस्टिन बीबरनं २०२२मध्ये स्वतःच्या अर्ध्या चेहऱ्याचा व्हिडिओ टाकला, तो याच आजाराचा. इथं विषाणूविरोधी औषध लागतं, स्टेरॉइडच्या जोडीनं आणि लवकर. पूर्ण बरं होण्याची शक्यता बेल्स पाल्सीपेक्षा कमी असते. म्हणून तोंड वाकडं झालेल्या माणसाचा कान आतून-बाहेरून बघितल्याशिवाय कोणी ‘आपोआप बरं होईल’ म्हणू नये. पुळ्या कधी कधी दोन-तीन दिवस मागून येतात, तेव्हा कान रोज बघा. तसंच, चेहरा हळूहळू, आठवड्यांमागून आठवडे वाकडा होत गेला, तर तीही बेल्स पाल्सी नव्हे. ती येते तेव्हा तीन दिवसांत आपलं काम उरकून मोकळी होते.

काही जणांचे प्रश्न एकेका ओळीचे आहेत. थंड वारा लागल्यानं होतं का? तसं सिद्ध झालेलं नाही, पण ही समजूत जगभर आहे, त्यामुळे खिडकीशेजारी झोपणाऱ्या माणसाला आयुष्यभर बोलणी बसतात. दुसऱ्याला लागतं का? नाही, एका ताटात जेवा. पुन्हा होतं का? शंभरातल्या सात ते दहा जणांना, त्याच किंवा दुसऱ्या बाजूला. वारंवार झालं तर नीट तपासण्या हव्यात. बेल कोण? एडिंबरात १७७४ साली जन्मलेला सर्जन. तो उत्तम चित्रकारही होता, वॉटर्लूच्या लढाईतल्या जखमी सैनिकांची त्यानं काढलेली चित्रं अजून आहेत. चेहऱ्यावरचे भाव कसे उमटतात हे त्याला आधी चित्रांसाठी हवं होतं, नसेवरचा आपला निबंध त्यानं १८२१मध्ये वाचला. मला तरी हा क्रम फार आवडतो.

मी २२ वर्षांचा. सहा महिने झाले, बरंच सुधारलं, पण हसताना तोंड डावीकडे जातं. दोन महिन्यांनी नोकरीच्या मुलाखती आहेत. फोटो काढणं बंद केलंय, मास्क लावून फिरतो. मुलाखतीत काय करू?

अरे बाळा, सहा महिने म्हणजे अजून निकाल लागलेला नाही. वर्षभर, कधी त्यापुढेही सुधारणा चालू राहते. तोवर एक गोष्ट ऐक. कॅनडाचे नेते जाँ क्रेतिएँ यांना लहान वयात हा आजार झाला आणि तोंड एका बाजूला कायमचं वाकडं राहिलं. १९९३च्या निवडणुकीत प्रतिस्पर्धी सत्ताधारी पक्षानं त्यांचा चेहरा मुद्दाम वाईट दिसेल असे फोटो वापरून टीव्हीवर जाहिरात केली. लोक एवढे भडकले की ती मागे घ्यावी लागली. क्रेतिएँ म्हणाले, मी तोंडाच्या एका बाजूनं बोलतो हे खरं आहे, पण तुमच्यासारखा दोन्ही बाजूंनी बोलत नाही. त्या निवडणुकीनंतर ते दहा वर्षं पंतप्रधान होते आणि जाहिरात करणाऱ्या पक्षाच्या दोन जागा उरल्या.

तुला एवढं चटकदार उत्तर तयार ठेवायची गरज नाही. आत गेल्यावर पहिल्याच मिनिटाला सांगून टाक: ‘मला सहा महिन्यांपूर्वी बेल्स पाल्सी झाली, म्हणून हसताना तोंड जरा वाकडं होतं, कामावर त्याचा काही परिणाम नाही.’ समोरचा माणूस मग तुझ्या ओठाकडे बघायचं सोडून उत्तराकडे बघतो. सांगितलं नाहीस तर पूर्ण वेळ तो विचार करत बसेल की हा पोरगा आपल्याला हसतोय का. मुलाखतीच्या आदल्या रात्री नीट झोप, थकलं की चेहरा जास्त ओढतो, हे मी अकरा वर्षांनंतरही अनुभवते. आणि मास्क घरापासून काढायला लाग, आधी मित्रांसमोर, ऐन मुलाखतीत पहिल्यांदा नको.